परतीच्या गाडीचं आधी बघा



क्रूझला निघालेली मंडळी हल्ली सगळं विचारून ठेवतात. जहाजावर जैन जेवण मिळतं का, लोणच्याची बरणी नेऊ देतात का. फ्रान्सच्या बंदरात उतरल्यावर टॅक्सी मिळेल का, हेही विचारतात. मिळेल हो. परतीची मिळेल का, ते मात्र कुणीच विचारत नाही. आजचं माझं सगळं बोलणं तेवढ्यापुरतंच आहे.

जहाज धक्क्याला लागणं म्हणजे लहानशा स्टेशनावर वऱ्हाड उतरणं. बाहेर रिक्षा पाच, वऱ्हाडी दोनशे. चपळ मंडळी धावत जाऊन बसतात, नवऱ्याचे मामा रुसतात, आजी ट्रंकेवर बसून राहतात. तरीही येताना सगळे पोचतात, कारण मुलीकडच्यांनी काहीतरी सोय केलेली असते. खरी तारांबळ उडते ती जाताना. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, की ज्याचा तो. सगळ्यांना चारचीच गाडी गाठायची असते आणि मांडवाच्या दारात एक चाक दिसत नाही. वऱ्हाडाला निदान रात्रीची पॅसेंजर असते. जहाजाला कुठली पुढची गाडी? जहाजाच्या कंपनीने काढलेली सहलीची बस रखडली तर कप्तान सहसा थांबतो. तुमच्या टॅक्सीसाठी नाही थांबत.

आता ल आव्र बंदराचं बघा. तिथून पॅरिस दोनशे किलोमीटर. त्यासाठी टॅक्सी करू नका, स्टेशनापर्यंत जा आणि आगगाडी पकडा. पण बरेच लोक जातात सेन नदीवरचा मोठा पूल ओलांडून पलीकडे, ऑनफ्लरला. बंदर देखणं आहे, जायलाच हवं. जाताना टॅक्सी लगेच मिळते. संध्याकाळी तिथेच टॅक्सी शोधायला लागलात की पंचाईत. फ्रान्समध्ये टॅक्सीचा परवाना गावापुरता असतो. ल आव्रच्या ड्रायव्हरला ऑनफ्लरच्या रस्त्यावर हात दाखवणारं गिऱ्हाईक घेता येत नाही. आधी बुकिंग असेल तरच घेता येतं. म्हणून तो तुम्हाला सोडतो आणि रिकामा निघून जातो.

त्या रिकाम्या फेरीचे पैसेही तुम्हीच देता! मीटरवर एक अक्षर दिसतं, ते बसल्या बसल्या वाचा. दिवसा त्याच गाडीने परत येणार असाल तर ए. गाडी रिकामी परतणार असेल तर सी, आणि सीचा किलोमीटरचा दर एच्या जवळजवळ दुप्पट असतो. म्हणजे तोच ड्रायव्हर थांबवून घेतलात तर वेटिंग द्यावं लागेल, पण मीटर ए वर राहील. हिशेब करा, बऱ्याचदा फारसा फरक पडत नाही. आणि गाडी दारात उभी असते ते वेगळंच.

दुसरं म्हणजे, फोन केला की गाडी येईल, या भरवशावर राहू नका. लहान गावातल्या टॅक्सीवाल्याचा दिवस आधीच ठरलेला असतो. डायलिसिसचा पेशंट न्यायचा, केमोथेरपीचा आणायचा. त्याचं भाडं सरकारी आरोग्यविमा भरतो. ते सोडून तो तुमच्यासाठी का यावा? शिवाय फोनवर बोलावलंत तर बऱ्याच ठिकाणी तो निघाल्यापासूनच मीटर पडतं.

टॅक्सीच्या टपावर दिवा असतो. हिरवा असेल तर मोकळी, लाल असेल तर भाडं आहे. दिवा नसलेली गाडी घेऊन बंदराच्या फाटकाशी कुणी ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत आला तर सरळ पुढे चला. ॲपवरच्या गाड्यांनाही तिथे रस्त्यावरून गिऱ्हाईक उचलायची परवानगी नाही, त्यांना बुकिंगच लागतं. कार्ड टॅक्सीत चालतं, घ्यावंच लागतं. पावती मागा.

मार्सेलिसला आपल्यापैकी अनेकांच्या मनात 8 जुलै 1910 असतो, सावरकरांची उडी. काहींना माझार्गच्या युद्धस्मशानात जायचं असतं, पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांच्या स्मारकापाशी. जरूर जा. पण क्रूझची जहाजं लागतात शहराच्या पार उत्तरेला, जुनं बंदर तिथून आठ-दहा किलोमीटर, आणि माझार्ग त्याहून पुढे, दक्षिण टोकाला. मधे सगळं शहर आणि त्याची ट्रॅफिक. तिथेही तेच, परतीचं आधी ठरवा. मी पुन्हा पुन्हा सांगतेय, कंटाळू नका. ऐकून मान डोलावणारेच संध्याकाळी रस्त्यावर हात हलवत उभे असतात.

आजाक्सियोला टॅक्सीची गरजच नाही, जहाज गावाच्या मधोमध लागतं. व्हिलफ्रांशला स्टेशन चालत काही मिनिटांवर, नीस आणि मोनॅको दोन्हीकडे आगगाडी आहे. डोंगरावरच्या एझ गावाचं मात्र... ते राहू दे, वेळ संपत आली म्हणून स्टुडिओच्या काचेपलीकडून हात वर झालाय. रविवारच्या आणि रात्रीच्या दराचंही राहिलं, बी आणि डी.

ड्रायव्हरला परतीची वेळ मात्र कागदावर लिहून द्या. 16 लिहा, 4 नको, तिकडे चोवीस तासांचं घड्याळ चालतं. आणि जहाज सुटायची वेळ लिहू नका. चढायची शेवटची वेळ त्याच्या बरीच आधी असते, त्याच्याही तासभर आधीची लिहा. व्हिलफ्रांशला जहाज खाडीत उभं असतं, तिथे शेवटच्या छोट्या बोटीची वेळ धरा, आणि त्या बोटीला रांग असते हेही धरून... बरं, नमस्कार.