हवा सगळ्यांची, मग आवाज कुणाचा?



गटाच्या बैठकीत "रेडिओवर बोलायला या" म्हटलं की बाया हसतात. एक म्हणते, "आमचं कोण ऐकते बाई?" दुसरी म्हणते, "तो सरकारचा रेडिओ, तिथं आपल्याले कोण येऊ देते?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतःच आहात, आत्ता ऐकताय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी आज देणार आहे.

इंग्रजांनी १८८५ साली तारेसाठी एक कायदा केला. पुढे रेडिओ आला आणि तोच कायदा रेडिओलाही लागू झाला. त्यामुळे कितीतरी वर्षं आपल्याकडे रेडिओ म्हणजे फक्त आकाशवाणी. आकाशवाणीनं आपल्याला पुष्कळ दिलं, यात वाद नाही. पण अकोल्याच्या केंद्राला मानोऱ्यातल्या एका तांड्यावरच्या हातपंपाचं कसं कळणार?

मग १९९३ मध्ये क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून एक भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. तो देणाऱ्यांमध्ये आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. न्यायालयानं सांगितलं की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. सरकारनं तिचा वापर लोकांच्या हितासाठी करायचा. गावातली गायरान जमीन जशी सगळ्यांची, तशी ही हवासुद्धा सगळ्यांची.

निकाल लागला म्हणून दुसऱ्या दिवशी कुणाच्या हाती माइक आला नाही. २००२ मध्ये आधी शिक्षण संस्थांना परवानगी मिळाली. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये धोरण बदललं आणि सेवाभावी संस्था, कृषी विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं यांनाही दार उघडलं. अट अशी की संस्था नोंदणीकृत हवी, किमान तीन वर्षं काम केलेलं हवं आणि नफा कमावणारी नको. एकट्या माणसाला किंवा राजकीय पक्षाला हे केंद्र मिळत नाही.

केंद्राची ताकद साधारण शंभर वॅट. पूर्वी लग्नाच्या मांडवात मोठा पिवळा बल्ब लावायचे ना, तेवढीच. आवाज पोचतो पाच ते दहा किलोमीटर. कुणी म्हणेल, एवढ्यानं काय होते? अहो, लहान असण्यातच फायदा आहे. आवाज दूर जात नाही, म्हणून तोच क्रमांक लांबच्या दुसऱ्या गावालाही देता येतो. एका मोठ्या केंद्राच्या जागी अनेक लहान केंद्रं उभी राहतात आणि प्रत्येक जण आपल्या बोलीत बोलतो. आपल्याकडे वऱ्हाडीत, तांड्यावर गोरमाटीत.

अमेरिकेतही असंच शंभर वॅटचं भांडण झालं. २००० च्या जानेवारीत तिथं लहान केंद्रांना परवानगी मिळाली, पण मोठे रेडिओवाले म्हणाले, यांच्यामुळे आमच्या प्रक्षेपणात खरखर येईल. वर्ष संपायच्या आत तिथल्या संसदेनं या केंद्रांवर बंधनं घातली. पुढे तपासणीत ती भीती फोल ठरली. तरी नवा कायदा होऊन त्यावर अध्यक्षांची सही व्हायला ४ जानेवारी २०११ उजाडला. दहा वर्षं लोक मागे लागले, तेव्हा झालं.

आता आपल्या कामाची गोष्ट. तिथं संसदेनं कायदा केला. आपल्याकडे सामुदायिक रेडिओ चालतो तो मार्गदर्शक सूचनांवर. सूचना बदलायला संसद लागत नाही, एक कागद पुरतो. २०१२ मध्ये लहरी वापरण्याचं वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून एकदम ९१,००० केलं होतं. देशभरातली लहान केंद्रं एकत्र ओरडली, म्हणून ते मागे घेतलं गेलं. गप्प बसली असती तर किती केंद्रं बंद पडली असती, विचार करा.

बायांना हे जमते का? तेलंगणातल्या माचनूर गावी १५ ऑक्टोबर २००८ पासून 'संघम रेडिओ' चालू आहे. तो चालवणाऱ्या दलित समाजातल्या, शेतात राबणाऱ्या बाया. बियाणं कसं जपायचं, जुनी धान्यं कशी पेरायची, आपली गाणी, सगळं त्याच ध्वनिमुद्रित करतात. आपल्या महाराष्ट्रात साताऱ्याच्या म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' आहे. आपल्यासारखाच पाण्याची ओढ असलेला मुलूख. तिथं जमलं, तर वाशिमला काहून जमणार नाही?

२०२४ च्या फेब्रुवारीत नव्या सूचना आल्या. परवानगी पाच वर्षांऐवजी दहा वर्षांची झाली. जाहिरातींना तासाला सात मिनिटांऐवजी बारा मिनिटं मिळाली. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला. हिशेब आपल्याला येतोच. बारा मिनिटं पूर्ण भरली तर तासाला ५,३२८ रुपये. पण भरली तर! जाहिरात रोज येत नाही, आणि विजेचं बिल मात्र दर महिन्याला येते.

त्याच सूचनांमध्ये आणखी एक ओळ आहे, आपल्यासाठी सगळ्यात मोठी. केंद्राच्या सल्लागार व आशय समितीत किमान निम्म्या महिला हव्यात. काय वाजवायचं आणि काय नाही, हे ठरवणारी ही समिती. पण कागदावर नाव आणि खुर्चीवर नवरा, हा प्रकार आपण ग्रामपंचायतीत पाहिलाय. सही घरी मागवायची आणि निर्णय दुसऱ्यानं घ्यायचा, तसं इथं होऊ द्यायचं नाही.

म्हणून तीन कामं सांगते. पहिलं, जिथं केंद्र आहे तिथल्या समितीत कोण बाया आहेत ते विचारा आणि बैठकीला स्वतः जा. दुसरं, एकट्या गटाला परवाना मिळत नाही, पण आपले गट मिळून नोंदणीकृत संस्था असेल, तर ती अर्ज करू शकते. ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्या. तिसरं, बोला. केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या तेवढ्या लावता येतात. पण पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, हवामान, परीक्षा, रोजगार, साथीचा आजार, हे सगळं सांगता येतं. सोयाबीनची उगवणक्षमता घरी गोणपाटावर कशी तपासायची, कर्जाच्या कागदावर अंगठा देण्याआधी व्याज कसं विचारायचं, हे आपल्याच बाईच्या तोंडून ऐकलं की पटकन पटते.

आणि हो, नवा फोन घेताना दुकानदाराला विचारा, "यात एफएम आहे का?" बऱ्याच फोनमध्ये ते नसते. असलं तरी वायरवाला इअरफोन लावावा लागतो, तीच वायर अँटेना होते.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले, इतिवृत्त लिहून झालं की दहा मिनिटं या विषयाला द्या. आपल्या गावाचं काय रेडिओवर यायला पाहिजे, तेवढं वहीत लिहा. वही घेऊन केंद्रावर या. माइक कसा धरायचा ते आम्ही दाखवू, बोलायचं काय ते तुम्हाला ठाऊकच आहे.