यादी कुत्र्यांची, जबाबदारी कुणाची?

ब्रिटनने १९९१ साली पिटबुल टेरियरसह चार प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घातली. कुत्रा त्यांतला की नाही, हे वंशावळीवरून नव्हे, अंगलटीवरून ठरते. तो कुणाला चावलेला नसला तरी! मग अमेरिकेत पैदा झालेला दांडगा एक्सएल बुली तिथे आला. तो यादीत नव्हता. २०२१ साली वेल्समध्ये दहा वर्षांचा मुलगा त्याला बळी पडला; बंदी आली २०२३च्या अखेरीस. त्या मुलाच्या आईसमोर ‘कायदा नको’ असे मी म्हणणार नाही. पण इंग्लंडने कुत्रा पाळण्याचा परवाना १९८७ सालीच रद्द केला होता. यादी जरूर असावी. मात्र साखळी धरणारा हातही कायद्याने आधी पारखावा, असे मला वाटते.