आधी तपासणी कुणाची?

भारतात २००४ पासून सरकारी एआरटी (विषाणूरोधी उपचार) केंद्रांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात. तरीही तिथवर कोण, कधी पोहोचतं, हे पुष्कळदा बाईपणाच्या आणि पुरुषपणाच्या समजुती ठरवतात. गरोदरपणात बाईची तपासणी होते, म्हणून अनेक घरांत निदान आधी तिचंच होतं आणि ‘हिनंच आणला’ हा ठपकाही तिच्यावरच येतो. मग गोळ्या लपवणं, चुकवणं आलंच. पुरुषाला दवाखान्यात जाणं कमीपणाचं वाटतं, तो आजार बळावल्यावर येतो. कुणी म्हणेल, त्याची मजुरी बुडते. खरं आहे, केंद्रं संध्याकाळीही उघडी हवीतच. पण बायकोचा अहवाल कळूनही तो तपासणी टाळतो, तेव्हा कारण मजुरीपलीकडचं असतं. म्हणून गरोदरपणाच्या पहिल्या भेटीतच, दोघांच्या संमतीनं, पतीचीही तपासणी व्हावी. अहवालाच्या गोपनीयतेचा हक्क तर २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्यानं दोघांनाही दिला आहे.