वाकळ, नदी आणि किमतीचा रकाना

पुढे सतरंजीवर बसून, हा म्हातारा केव्हा थांबतो व नाटकाचा पडदा केव्हा उघडतो याची वाट पाहणाऱ्या माझ्या बालमित्रांनो,

माझा परिचय करून देताना आपल्या गुरुजींनी ज्या ज्या गुणांचा माझ्यावर आरोप केला, त्यांपैकी निम्म्याहून अधिक गुणांची वार्ता मला आजच प्रथम कळली. परंतु चौतीस वर्षे महसूल खात्यात काढलेल्या मनुष्याला आरोप ऐकून घेण्याची सवय असते, आणि इतके गोड आरोप सेवेच्या काळात कधी वाट्याला आले नसल्यामुळे मी ते विनातक्रार मान्य करतो. वस्तुस्थिती एवढीच की कारकुनीपासून आरंभ करून मी तहसीलदाराच्या खुर्चीपर्यंत चढलो आणि वय झाल्यावर तेथून उतरलो. निमंत्रणपत्रात 'यशाची गुरुकिल्ली' या विषयावर चार शब्द बोलावेत असे सुचवले आहे. ती किल्ली माझ्यापाशी नाही. माझ्या ताब्यात ज्या किल्ल्या होत्या त्या तिजोरीच्या आणि दप्तरखान्याच्या होत्या, आणि त्या मी रीतसर पोच घेऊन सरकारात परत केल्या.

तेव्हा दुसऱ्याच गोष्टीविषयी बोलण्याची मुभा असावी. मघाशी मला आपले हस्तकला-प्रदर्शन दाखवण्यात आले. सातवीच्या खोलीत, तक्त्यांच्या आणि पुठ्ठ्याच्या किल्ल्यांच्या पलीकडे, दोन बाके जोडून त्यांवर एक वाकळ पसरलेली होती. अर्धीच शिवलेली, कडेला सुई खोचलेली, सुईत लाल दोरा. शेजारच्या पाटीवर लिहिले होते, 'टाकाऊतून टिकाऊ'. मुलांनो, तुमची वाकळ सुरेख आहे. पाटीशी मात्र माझे भांडण आहे, आणि ते भांडण हेच माझे आजचे भाषण.

टाकाऊ हा शब्द आमच्या लहानपणी कापडाला कोणी लावत नसे, कारण कापड टाकले जात नसे, त्याची केवळ बदली होत असे. नवे लुगडे प्रथम सणाकार्याला नेसावयाचे. त्याचा ताठा मोडला म्हणजे ते रोजच्या वापरात येई. पुढे बसण्याउठण्याने मधला भाग विरला म्हणजे तेवढाच काढून उरलेली दोन टोके जोडीत, आणि त्या जोडाला दंड घालणे म्हणत (आमच्या खात्याला जो दंड परिचित आहे त्याहून हा पुष्कळच सौम्य). दंडाचे लुगडेही जेव्हा अंगावर टिकेनासे होई तेव्हा ते वाकळीत जाई, वाकळ विरली म्हणजे तिचे पोतेरे होई, आणि पोतेऱ्यानंतर काय होई ते उकिरड्याला ठाऊक. सेवानिवृत्ती अशी कापडाला नव्हतीच. वाकळीला कुणी गोधडी म्हणतात, कुठे ती लेवा होते, संस्कृतात तिला कन्था म्हणत आणि बंगालात तीच काँथा झाली. आमच्या साताऱ्याकडच्या मुलखात ती वाकळ. चिंध्यांना ज्यांना नाक मुरडायचे असेल त्यांनी गाडगेबाबांचे स्मरण करावे. ठिगळाठिगळांच्या त्यांच्या वेषावरून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत, आणि त्याच वेषात फिरून त्यांनी पंढरपूर-नाशिकाकडे धर्मशाळा उभ्या केल्या.

आमच्या घरी वाकळ घालण्याचा मुहूर्त वैशाखातला. शेतातली कामे उरकलेली, पावसाला अजून अवकाश, आणि दुपार इतकी लांब की ती सरता सरत नसे. आजी ओसरीवर प्रथम एक जाड धोतर अंथरी, त्यावर विरलेली लुगडी, सदऱ्यांच्या पाठी, परकरांचे घेर असे थर देई, आणि सर्वांत वर, ज्यांचे रंग अजून जिवंत आहेत असे काठ आणि खणांचे तुकडे मांडी. चार कोपऱ्यांवर वरवंटा, खल, मापटे आणि एक नदीतला गोटा, असे चार पहारेकरी बसत. मग मोठाले टाके घालून सगळे टाचून घ्यावयाचे आणि कडेपासून धावदोरा धरावयाचा. बोटभर अंतर सोडून दुसरी ओळ, तिच्या आत तिसरी. अशी चौकोनात चौकोन घालीत, कधी काकू, कधी शेजारची म्हातारी हाताशी घेऊन, पंधरा-पंधरा दिवसांनी ती मध्यावर पोहोचे. शिंप्याकडे असते तसले अंगुस्तान तिच्यापाशी नव्हते. सुईचे बूड ती अंगठ्यानेच रेटी, आणि त्या ठिकाणी तिच्या अंगठ्याला असा घट्टा पडला होता की चुलीतला निखारा ती त्याच बोटाने आत सारीत असे. शेवटचा वीतभर चौकोन बुजवण्यापूर्वी ती भाकरीचा एक वाळका तुकडा थरांमध्ये ठेवी. मी एकदा विचारले, 'आजी, हा कुणाला?' ती म्हणाली, 'वाकळंला. तिचं प्वाट रिकामं ठिवलं तर ती आपल्याला ऊब कशी देईल रं?'

पुढे शाळेत विज्ञानाच्या गुरुजींनी सांगितले की ऊब कापडाची नसून थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते, हवा ही उष्णतेची दुर्वाहक असल्यामुळे अंगातली उष्णता बाहेर जाऊ शकत नाही, आणि म्हणून एका जाड वस्त्रापेक्षा अनेक पातळ वस्त्रांचे थर अधिक उबदार. मी घरी येऊन ते आजीला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले, आणि पुढच्या वाकळीत भाकरीचा तुकडा ठेवलाच. मला वाटते की त्या वादात दोघेही बरोबर होते.

आता नदीकडे वळतो, कारण वाकळीचे वर्ष नदीवाचून पुरे होत नाही. वाईच्या वरच्या अंगाला कृष्णेकाठी आमचे गाव. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, घटस्थापना तोंडावर आली म्हणजे, घरातले सगळे अंथरूण-पांघरूण बैलगाडीत घालून आळीतल्या बायका नदीवर जात आणि आम्ही मुले त्या ढिगाऱ्यावर बसून जात असू. सहल हा शब्द तेव्हा कोणी उच्चारीत नसे. धुण्याला जायचे, एवढेच. भिजलेली वाकळ म्हणजे वासराएवढे ओझे! ती पिळताना एक टोक काकूच्या हाती, दुसरे आत्याच्या, आणि दोघी उलट दिशांना पीळ देऊ लागल्या की मधून पाण्याची जी धार सुटे तिच्याखाली डोके धरण्यासाठी आमच्यात मारामारी होई. मग काळ्या कातळांवर वाकळा पसरल्या जात. पाऊस नुकताच सरलेला, पाणी निवळून हिरवे झालेले, दरडींवर गुलाबी तेरडा दाटलेला. आणि नेमके त्याच सुमारास, थंडीसाठी हिमालयाकडून उतरून येणारा, करड्या-पांढऱ्या अंगाचा एक चिमुकला पक्षी पाण्याच्या कडेने शेपटी वरखाली आपटीत तुरुतुरु धावू लागे. आपल्या लोकांनी त्याचे नाव धोबी ठेवले आहे, आणि इतके समर्पक नामकरण मी कोणत्याही सरकारी राजपत्रात वाचलेले नाही. भाकरी, ठेचा आणि फोडलेला कांदा खाऊन झाला की आम्ही अर्धवट वाळलेल्या वाकळांवर पालथे पडत असू. वरची बाजू उन्हाने तापलेली, खाली कातळावर अजून ओल. रिठ्याचा वास आणि उन्हाचा वास एकत्र नाकात जाई, आणि गालाखाली धावदोऱ्याच्या ओळी उमटत. संध्याकाळी घरी परतल्यावर कोण कुठल्या वाकळीवर झोपला होता हे त्याच्या गालावरून ओळखता येई.

हे मी विस्ताराने सांगितले, त्याचे कारण असे की हल्ली सहलीहून आलेल्या मुलांना काय पाहिले म्हणून विचारले तर ती ठिकाणांची नावे सांगतात, आणि त्यापलीकडे फारसे काही सांगता येत नाही. दोष मुलांचा नाही. निसर्ग केवळ पाहावयास गेलेल्या माणसाला निसर्ग फारसा दिसत नाही, असा माझा नम्र अनुभव आहे. काही काम घेऊन गेले म्हणजे तो दिसतो. मला स्वतःला सह्याद्री दिसला तो पीकपाहणीच्या निमित्ताने. तलाठ्याला बरोबर घेऊन बांधाबांधाने हिंडावे, हद्दीच्या खुणा तपासाव्यात, शिवारातले ज्वारीचे कणीस हातात घेऊन दाणा चेपून पाहावा, आणि सायंकाळी अहवालात लिहावे 'पीक समाधानकारक'. त्या दोन शब्दांत त्या दिवसाचा शतांशही येत नसे, आणि कणसावरच्या पाखरांसाठी तर नमुन्यात रकानाच नव्हता.

अशा नोकरीत पडण्याच्या पुष्कळ आधी, मी तुमच्याएवढा असताना, गुरुजी आम्हांला कमळगडावर घेऊन गेले होते. त्या गडावर गेरूची एक विहीर आहे. कातळात कोरलेल्या पायऱ्यांनी खोल उतरावे लागते, आणि वर येईपर्यंत हात, पाय, सदरा सर्व तांबडे होते. तसे तांबडे होऊन आम्ही कड्यावर बसलो आणि खाली कृष्णेचे खोरे पाहिले. भाताची खाचरे, नाचणीचे तुकडे, मध्येच पडीक. कुठे पोपटी, कुठे पिवळट, कुठे उघडी तांबडी माती, आणि सर्वांमधून बांधांच्या रेषा. आजीची वाकळ कुणीतरी खोऱ्यात वाळत घातली आहे असे मला वाटले, आणि ही उपमा माझी स्वतःची, असा अभिमान मी पुष्कळ वर्षे बाळगला. पुढे विनयपिटकातली एक कथा वाचनात आली. राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना भगवान बुद्धांनी मगधातली बांधांनी विभागलेली शेते पाहिली आणि, भिक्षूंची चीवरे अशीच शिवता येतील काय, असे आनंदाला विचारले. आनंदाने त्या शेतांच्या नमुन्यावर तुकडे जोडून चीवर तयार केले. म्हणजे माझा शोध सुमारे अडीच हजार वर्षे उशिरा लागला होता. अभिमान गेला, परंतु त्या दिवसापासून शेताचा नकाशा हाती आला की तो कुणाच्या तरी अंगावर पांघरलेला दिसू लागला.

एका वाटणीची गोष्ट सांगतो. दोन सख्खे भाऊ जमिनीचे वाटप मागण्यासाठी माझ्यासमोर आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली त्यांचे काम गुंठ्यागुंठ्याने, विहिरीच्या पाळीसकट, निर्वेधपणे पार पडले. कुणाचा आवाज चढला नाही. कागद गुंडाळत असताना थोरला म्हणाला, 'रावसाहेब, बैलजोडी त्यालाच ऱ्हाऊ द्या. आईची वाकळ तेवढी माझ्याकडं लिवा.' धाकटा ताडकन उभा राहिला. 'आई शेवटाला माझ्या खोलीत हुती. वाकळ माझी.' मग जे सुरू झाले ते मी वर्णन करीत नाही. कलम ८५ जमिनीपुरते बोलते. वाकळीविषयी ते मौन पाळते, आणि तिला गट नंबरही नसतो. मी तरुण होतो, उतावीळही होतो. 'जुन्या चिंध्यांसाठी सरकारचा वेळ घेऊ नका' असे मी म्हणून गेलो, आणि कचेरीत एकदम शांतता पसरली. त्या शांततेची लाज मला अद्याप वाटते. मार्ग काढला तो दाराशी उभ्या असलेल्या वृद्ध कोतवालाने : एक हिवाळा थोरल्याकडे, एक धाकट्याकडे, दसऱ्याला द्यायची. कागदोपत्री ही नोंद कुठेच नाही. काही वर्षांनी त्या गावी जाणे झाले तेव्हा कोतवाल म्हणाला की पहिली दोन वर्षे वाकळ पोरांच्या हातून पोहोचत होती, तिसऱ्या वर्षी एका बाजूने उसवली, आणि ती शिवायला दोघी जावा एका ओट्यावर बसल्या. त्यानंतर ती दर दसऱ्याला उसवू लागली. आपोआप उसवते की कुणी उसवते, असे मी विचारले. तो हसला आणि त्याने विषय पिकाकडे नेला.

किमतीच्या रकान्यात मी आयुष्यभर आकडे भरले, आणि ते भरताना हात थरथरू नये इतका सराव झाला होता. तरीही सेवेतले जे क्षण आज आठवतात ते त्या रकान्यातले नाहीत. आमच्या दप्तरखान्यात जुनी कागदपत्रे रुमालांत बांधलेली असत. त्यांतला एक रुमाल फाटला होता आणि कुणा शिपायाने, कुणी न सांगता, त्याला आपल्या घरच्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ जोडून बारीक धावदोरा घातला होता. दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या झरोक्यातून ऊन आत येई आणि मिनिटभर नेमके त्या हिरव्या पट्टीवर थांबे. तेवढ्यासाठी त्या वेळी काही ना काही जुना कागद काढण्याचे निमित्त मी शोधीत असे. वरिष्ठांचा समज असा होता की मी जुन्या अभिलेखांचा मोठा अभ्यासक आहे.

असो. पाटी बदलावी, एवढीच माझी विनंती आहे; टाकाऊ हा शब्द पुसून तेथे नुसते 'वाकळ' लिहिले तरी चालेल.

जाता जाता एक कबुली. खोलीत कोणी नसताना मी त्या लाल दोऱ्याची सुई हातात घेतली होती. खालच्या डाव्या कोपऱ्यात, हिरव्या खणाच्या शेजारी, तीन टाके लांबट व तिरके पडले आहेत. त्यांबद्दल बाईंनी कुठल्या विद्यार्थ्याला बोलू नये. चौथ्याला सुई बोटात गेली. उसवायचे असतील तर ते खुशाल उसवावेत, दोरा मात्र पुन्हा ओवून घ्यावा, तो शाळेचा आहे. आणि पडद्याच्या फटीतून एक मावळा मघापासून मिशी हाताने दाबून धरून माझ्याकडे पाहतो आहे. तो डिंक फार वेळ टिकेल असे दिसत नाही, तेव्हा मी बसतो.