प्रश्न विचारणाऱ्याची कसोटी

एका सरोवरात एक कमळ उभे आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर त्याचा शेंडा एक वीत, म्हणजे अर्धा हात दिसतो. वाऱ्याच्या झुळकीने ते हळूहळू कलते आणि आपल्या मूळ जागेपासून दोन हातांच्या अंतरावर पाण्यात बुडते. तर सरोवराची खोली किती?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील हा प्रश्न. काटकोन त्रिकोणाचा नियम ज्याला ठाऊक आहे त्याला पावणेचार हात हे उत्तर काढण्यास फार वेळ लागत नाही. कमळाचा देठ सव्वाचार हात, पाणी पावणेचार हात. ताळा पाहिला की तंतोतंत जुळतो. परंतु उत्तरापेक्षाही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ज्याने हा प्रश्न रचला त्याने उत्तर लपवून ठेवलेले नाही. प्रश्नाच्या आधी नियम सांगितलेला आहे, प्रश्न कोणाला तरी प्रेमाने उद्देशून, ‘सखे’ किंवा ‘मित्रा’ अशी साद घालून विचारलेला आहे. लीलावती ही आचार्यांची कन्या, ही प्रसिद्ध आख्यायिका फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पुढे आली. तिच्या खरेखोटेपणाचा निर्णय कसाही लागो. ग्रंथातील प्रश्नांचा स्वर मात्र घरातील वडीलधाऱ्या माणसाचा आहे, यात संशय नाही.

एकमेकांना गणिताचे आणि शास्त्राचे प्रश्न घालून पाहण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. पावकी, निमकी, दिडकी आणि औटकी मुखोद्गत असणारी पिढी जेवणाच्या पंक्तीत नातवंडांना आडवेतिडवे हिशेब विचारी, आणि उत्तर चुकले तर सारी पंक्त हसे. आज तोच खेळ दूरदूरच्या गावी बसलेली माणसे संगणकाच्या जाळ्यावरून खेळतात. इंदूरच्या मुलाने संध्याकाळी टाकलेले कोडे बडोद्याची मुलगी रात्री सोडविते आणि हैदराबादचा तिसराच कोणी सकाळी त्यात चूक दाखवितो. साधन बदलले, परंतु खेळाचे दोन प्रकार बदललेले नाहीत. एक प्रश्न समोरच्याला खाली पाहावयास लावण्यासाठी विचारलेला असतो. दुसरा त्याला आपल्याबरोबर वर चढविण्यासाठी विचारलेला असतो. या दोहोंतील अंतर गणिताच्या इतिहासात स्पष्टपणे दिसून येते.

पहिल्या प्रकारचे उदाहरण सोळाव्या शतकातील इटलीचे आहे. त्या काळी तेथील गणिती एकमेकांना जाहीर आव्हाने देत. दोघांनी परस्परांना प्रश्न द्यावयाचे, मुदत ठरवावयाची, आणि जो हरेल त्याची अब्रू जावयाची. प्रसंगी उपजीविकाही जावयाची. म्हणून एखादी नवी रीत हाती लागली की तिचा धनी ती प्रसिद्ध करीत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची! बोलोन्याच्या देल फेर्रो या प्राध्यापकाने घनसमीकरणाच्या एका प्रकाराचे उत्तर शोधले आणि ते मरेपर्यंत गुप्त ठेवून फिओर नावाच्या शिष्याला दिले. त्या एका शस्त्राच्या बळावर फिओरने १५३५ मध्ये तार्ताल्या या शिक्षकाला आव्हान दिले. प्रत्येकी तीस प्रश्न ठरले. फिओरचे तीसही प्रश्न त्या एकाच प्रकारचे होते. तार्ताल्याचे नाना प्रकारचे होते. मुदत संपण्यापूर्वी तार्ताल्याला ती रीत स्वतःच सापडली आणि त्याने तीसही प्रश्न दोन तासांच्या आत सोडविले. फिओरचे नाव त्यानंतर इतिहासात केवळ पराभूत म्हणून उरले.

परंतु जिंकलेल्या तार्ताल्यानेही तीच मूठ झाकून ठेविली. १५३९ मध्ये कार्दानो या वैद्याने त्याची मनधरणी करून, गुप्ततेची शपथ घेऊन ती रीत मिळविली. पुढे देल फेर्रोची मूळ टिपणे पाहावयास मिळाल्यावर कार्दानोला वाटले की आता शपथेचे बंधन उरले नाही. १५४५ मध्ये त्याने दोघांच्याही नावांचा उल्लेख करून ती ग्रंथात छापली. तार्ताल्या संतापाने पेटला. अखेर १५४८ च्या ऑगस्टमध्ये मिलान येथे कार्दानोचा तरुण शिष्य फेर्रारी आणि तार्ताल्या यांची जाहीर झुंज झाली. ती पुरी होण्यापूर्वीच तार्ताल्या मिलान सोडून निघून गेला. ज्या विद्येने त्याला मान दिला तीच लपविण्याच्या पायी त्याने स्वास्थ्य गमावले.

दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाची कथा याहून पुष्कळ लांब आहे आणि ती आपल्या देशात सुरू होते. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने आपल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त ‘वर्गप्रकृती’ नावाचा विषय हाताळला. प्रश्न दिसावयास अगदी साधा. एखाद्या पूर्णांकाच्या वर्गाला ९२ ने गुणावे, त्यात १ मिळवावा, आणि येणारी संख्या पुन्हा पूर्ण वर्ग असावी. असा पूर्णांक कोणता? उत्तर १२०. त्याच्या वर्गाची ९२ पट १३,२४,८००. त्यात एक मिळविला की ११५१ चा वर्ग होतो. जो हे एका वर्षाच्या आत करील तो गणक, अशा आशयाचे उद्गार ब्रह्मगुप्ताने काढले आहेत. हेही आव्हानच आहे. परंतु मुदत तासांची नाही, वर्षाची आहे, आणि उत्तराकडे नेणारा नियम त्याच ग्रंथात दिलेला आहे. तार्ताल्या आणि ब्रह्मगुप्त यांच्यातील भेद येथेच आहे.

पाच शतकांनंतर, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणिता’त ९२ च्या जागी ६१ ही संख्या घेतली. हा निवडीचा चमत्कार पाहावा. ६१ च्या जागी ६० घेतले तर ४ हे उत्तर चटकन सापडते, कारण १६ ची साठपट ९६० आणि ९६१ हा ३१ चा वर्ग. ६२ घेतले तर उत्तर ८; कारण ६४ ची बासष्टपट ३९६८ आणि ३९६९ हा ६३ चा वर्ग. या दोन सोप्या शेजाऱ्यांच्या मध्ये बसलेल्या ६१ चे सर्वांत लहान उत्तर मात्र २२,६१,५३,९८० आहे, आणि त्याबरोबर येणारी दुसरी संख्या १,७६,६३,१९,०४९! अंदाजाने संख्या घालून पाहणारा माणूस येथे जन्मभर भटकेल. प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती रीत होती, म्हणूनच त्याला अशी संख्या निवडता आली.

त्या रीतीचे नाव ‘चक्रवाल’. चाकाप्रमाणे फिरत फिरत ती उत्तराजवळ येते. ८ चा वर्ग ६४ हा ६१ पेक्षा ३ ने अधिक आहे; येथून आरंभ. चाकाचा एक फेरा झाला की ३९ आणि ५ या संख्या मिळतात; ३९ चा वर्ग १५२१, आणि ५ च्या वर्गाची एकसष्टपट १५२५, म्हणजे अंतर अवघे ४. अंतर ४ आले की पुढचा मार्ग ब्रह्मगुप्ताने पूर्वीच बांधून ठेवला होता. त्याच्या नियमाने त्या दहा अंकी उत्तरापर्यंत पोचता येते. ‘चक्रवाल’ ही भास्कराचार्यांची एकट्याची निर्मिती नव्हे. जयदेव नावाच्या पूर्वीच्या आचार्यांचे यासंबंधीचे नियम उदयदिवाकराने १०७३ मधील एका टीकेत जतन केले होते, ही गोष्ट १९५४ मध्ये कृपाशंकर शुक्ल यांनी विद्वानांपुढे आणली. अशा रीतीने एकाने प्रश्न मांडला, दुसऱ्याने रीत सुधारली, तिसऱ्याने ती टिपून ठेविली, चौथ्याने तिला कठीण उदाहरणाची जोड दिली. या साखळीत हरलेला कोणीच नाही.

आणखी पाच शतके लोटली. फ्रान्समधील तूलूझ येथे न्यायाधिकारी असलेल्या फर्मा याने १६५७ मध्ये हाच प्रश्न युरोपातील गणित्यांपुढे टाकला. भारतात त्याचे उत्तर झाले आहे याची त्याला वार्ताही नव्हती. फ्रेनिक्ल या आपल्या मित्राला त्याने उदाहरणादाखल ज्या संख्या सुचविल्या त्यांत ६१ होती. आणि फार श्रम पडू नयेत म्हणून लहान संख्या देतो, असा त्याचा मिस्कील आविर्भाव होता. इंग्लंडात लॉर्ड ब्राउंकर आणि वॉलिस यांच्यापर्यंत आव्हान पोचले तेव्हा ब्राउंकरने प्रथम अपूर्णांकांतील उत्तर पाठविले, कारण पूर्णांकच हवेत ही अट त्याला नीट कळली नव्हती. अपूर्णांक चालत असते तर प्रश्नात काही रामच उरत नाही. अट स्पष्ट होताच ब्राउंकरने पूर्णांकांची रीतही शोधून काढली. ती नेहमीच यशस्वी होते याची निर्णायक सिद्धता अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाग्रांज याने दिली. मध्यंतरी ऑयलरच्या चुकीने या समीकरणाला पेल या इंग्रजाचे नाव चिकटले. त्याने ते सोडविले नव्हते. १८१७ मध्ये कोलब्रुक यांचे भाषांतर प्रसिद्ध झाले तेव्हा युरोपीय वाचकांना कळले की फर्माने निवडलेली ६१ ही संख्या भास्कराचार्यांनी पाचशे वर्षे आधी निवडली होती. देश निराळे, भाषा निराळी, काळ निराळा. परंतु दोन जाणत्या परीक्षकांची नजर एकाच कठीण जागेवर स्थिरावली.

या प्रश्नाचा सर्वांत घरगुती अवतार १९१४ मधला. पहिले महायुद्ध पेटले होते. प्रशान्तचंद्र महालनोबीस हे केंब्रिजला शिकत होते. एके दिवशी ते श्रीनिवास रामानुजन यांच्या बिऱ्हाडी गेले. रामानुजन कढईतील भाजी परतीत होते. महालनोबीसांनी ‘स्ट्रँड’ मासिकातील एक कोडे वाचून दाखविले. एका रस्त्यावर घरांना एकपासून क्रमांक दिलेले आहेत. एका घराच्या अलीकडील सर्व क्रमांकांची बेरीज पलीकडील सर्व क्रमांकांच्या बेरजेइतकीच आहे. रस्त्यावर पन्नासाहून अधिक आणि पाचशेंहून कमी घरे आहेत. तर ते घर कोणते? महालनोबीसांनी थोडी खटपट करून उत्तर काढले होते: २८८ घरांच्या रस्त्यावरील २०४ वे घर. रामानुजन यांनी भाजी परतता परतताच एक वितत अपूर्णांक सांगितला. त्यात हे एकच उत्तर नव्हते, अशा सर्व रस्त्यांची सर्व उत्तरे त्यात ओळीने दडलेली होती. कारण या कोड्याच्या पोटात ब्रह्मगुप्ताची वर्गप्रकृतीच बसलेली आहे. ९२ किंवा ६१ च्या ठिकाणी ८ घालावे इतकेच. मित्राने एक घर विचारले आणि दुसऱ्या मित्राने सारे नगर दाखविले. येथेही कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही. भाजी मात्र करपली नसावी, अशी आशा करावी!

असे प्रश्न जिवंत राहतात ते आपोआप नव्हे. भास्कराचार्यांचे गाव विज्जडविड सह्याद्रीच्या परिसरातले. ते नेमके कोठे, महाराष्ट्रात की कर्नाटकात, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु चाळीसगावाजवळील पाटणे येथील शिलालेख निःसंदिग्ध आहे. आचार्यांचे नातू चांगदेव यांनी आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला आणि १२०७ मध्ये त्याला दान मिळाले, असे तो लेख सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. नातवाने आजोबांची कीर्ती गाण्यापेक्षा त्यांचे प्रश्न पुढच्या मुलांना विचारले जातील अशी व्यवस्था केली, यातच त्यांचा खरा सन्मान झाला.

आजच्या काळी उत्तर मिळविणे सोपे झाले आहे. ६१ चा प्रश्न यंत्राला घातला तर निमिषार्धात ती दहा अंकी संख्या डोळ्यांपुढे उभी राहते. म्हणून कोणी विचारील, की मग माणसांनी माणसांना प्रश्न घालण्यात अर्थ काय उरला? याचे उत्तर वरच्या कथेतच आहे. संख्या मिळाली म्हणजे रीत कळली असे नव्हे, आणि रीत कळली म्हणजे नवा प्रश्न सुचेल असेही नव्हे. २००९ च्या जानेवारीत टिमथी गॉवर्स या ब्रिटिश गणितज्ञाने संशोधनातील एक अवघड प्रश्न जालावर सर्वांसाठी खुला ठेविला. कोणीही यावे, अर्धवट विचारही मांडावा, दुसऱ्याने तो पुढे न्यावा. काही आठवड्यांतच पुष्कळांच्या सहकार्याने सिद्धता हाती आली आणि ती एका सामूहिक टोपणनावाने प्रसिद्ध झाली. ज्या युगात तार्ताल्याने रीत लपविली त्या युगापासून विद्या किती दूर आली, आणि ब्रह्मगुप्ताच्या किती जवळ आली, हे यावरून दिसते.

तेव्हा मुलांनी एकमेकांना प्रश्न जरूर घालावे. वडिलांनी मुलांना आणि, त्याहून अगत्याने, मुलांनी वडिलांना घालावे. अट एकच असावी. ज्याचा मार्ग आपण स्वतः चाललो नाही तो प्रश्न केवळ दुसऱ्याला अडविण्यासाठी विचारू नये. आणि समोरचा थकला तर मार्ग दाखविण्यास कचरू नये. उत्तर देणाऱ्याची परीक्षा घटकाभराची असते. प्रश्न विचारणाऱ्याची परीक्षा त्याच्या मागून पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते.

शेवटी रामानुजन यांच्या रस्त्यावर क्षणभर पुन्हा यावे. आठ घरांच्या रस्त्यावर ते घर सहावे असते. एकपासून पाचांपर्यंत बेरीज पंधरा, आणि सात व आठ मिळूनही पंधराच. एकोणपन्नास घरांच्या रस्त्यावर ते पस्तिसावे. दोनशे अठ्ठ्याऐंशींच्या रस्त्यावर दोनशे चौथे. ६, ३५, २०४: या तिघांपैकी तिसरा पहिल्या दोघांपासून कसा निघाला, हे ज्याला पस्तिसाच्या सहापटीकडे पाहून सुचेल, त्याला चौथे घर सापडण्यास वेळ लागणार नाही. ते घर आज रात्री जेवणानंतर कोणीतरी कोणालातरी विचारावे.