सांडव्यातल्या गोण्या

ज्येष्ठ सरत आला, पालख्या निघणार, आणि तुमच्यातल्या कितीकांचं चित्त घरच्या ओढ्यावरल्या मातीच्या बांधात अडकलेलं आहे. खोटं बोलू नका! आपल्या पैशानं, आपल्या रानात घातलेला बांध. त्याला मालक तोच राखणदार, आणि मालक तर वारीत.

म्हणून पताका खांद्यावर घेण्याआधी एकदा बांधावरून चालून या. गुरांच्या वाटेनं माथा कुठं खचलाय का? पाणी चढलं की तिथूनच उलटणार, आणि मातीवरून पाणी उलटलं की बांध टिकत नाही. घुशीचं बीळ, खेकड्याचं भोक असेल तर खणून, ओलसर माती थराथरानं चोपून बुजवा. बाभळ, बेशरम कोवळी असतानाच उपटा. मोठं झाड तोडलं तर मूळ आत कुजतं, पाण्याला आयती नळी मिळते. गवत मात्र राहू द्या.

आता झिरपा. पायथ्याशी थोडं पाणी पाझरणारच. नितळ असेल तर रोज नजर ठेवा. गढूळ आलं, तर बांध आतून वाहायला लागला. आपण काय करतो? बाहेरून चिखल थापतो! पाणी कोंडतं आणि दुसरीकडून फुटतं. त्यावर आधी जाडी वाळू, वर खडी पसरा. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. तळं थोडं उतरवा, जाणकाराला बोलवा, अन् खालच्या वस्तीला आधी सांगा.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं, पुणं वाहून निघालं. आपला बांध केवढासा? पण खालच्या झोपडीला तोच पानशेत!

आमच्या वडिलांची गोष्ट सांगतो. उन्हाळ्याला पाणी जास्त पुरावं म्हणून त्यांनी सांडव्यात मातीच्या गोण्या रचल्या आणि वारीला गेले. रात्री पाऊस लागला. पाणी माथ्याला वीतभर उरलं. खालच्या वस्तीवरल्या गड्यांनीच कंदिलाच्या उजेडात गोण्या ओढून काढल्या. त्यांच्या म्हाताऱ्या, पोरं माळावर भिजत बसलेली. बांध राहिला. वडील परतले, तर वस्तीवर कुणी त्यांना रामराम घालीना.

सावता महाराज अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, असं परंपरा सांगते. वडिलांनी त्या सालापासून आषाढी सोडली, कार्तिकी धरली. पावसाळाभर सांडव्यापाशी खोपट घालून राहायचे. पुढं आषाढीचा बुक्का त्यांना खालच्या वस्तीवरलेच वारकरी आणून लावीत.