मद्यमुक्तीच्या चळवळीचे ख्रिस्ती मूळ आणि आपण

(भाईंदर येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने अर्थसंकल्पावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी आज बोलणार आहे ते दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एका मंडळाविषयी. या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे. ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी इथल्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचे काम करणारा आपला एक कार्यकर्ता माझ्याकडे येत असे. मोर्चात तो पुढे, वर्गणी गोळा करण्यात पुढे. पगाराच्या दिवशी मात्र घरी पोचत नसे. उत्तनच्या एका मच्छीमार मित्राने त्याला सांगितले की चर्चच्या शाळेत संध्याकाळी पिणाऱ्यांची सभा भरते, तिथे चल. त्याने मला विचारले, "सर, जाऊ का? तिथे प्रार्थना म्हणतात." मी त्याला दारू आणि शोषण यांचा संबंध समजावून सांगितला आणि प्रार्थनेने प्रश्न सुटत नसतात, असे बजावले. तो गेला नाही. दीड वर्षाने मी त्याच्या अंत्ययात्रेत चाललो. त्याच्या पत्नीने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तो मी स्वतःला देतो. ज्या गोष्टीपासून मी त्याला परावृत्त केले ती मुळात काय होती, याचा शोध मी त्यानंतर घेतला.

या मंडळाचे नाव अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे अनामिक मद्यपी. बोलण्यात सारे 'एए' म्हणतात. त्याचे मूळ ख्रिस्ती आहे, हे आधीच मान्य करून टाकू. फ्रँक बुकमन या अमेरिकन लुथरन पाद्र्याने १९२० च्या दशकात जी चळवळ उभारली ती पुढे 'ऑक्सफर्ड ग्रुप' म्हणून ओळखली गेली. आपले दोष दुसऱ्या माणसापुढे कबूल करावेत, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करावी, रोज काही वेळ शांत बसून ईश्वराचा आदेश ऐकावा, असा त्यांचा क्रम होता. सचोटी, शुद्धता, निःस्वार्थता आणि प्रेम ही त्यांची चार निरपेक्ष मूल्ये.

आता अमेरिकेतील ॲक्रन या शहराकडे वळू. ते रबराच्या कारखान्यांचे शहर. टायरचा कारखानदार हार्वे फायरस्टोन याचा मुलगा अट्टल दारुडा होता. तो या ग्रुपच्या सहवासात सुधारला. कृतज्ञ बापाने जानेवारी १९३३ मध्ये बुकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांना शहरात पाचारण केले. दोन वर्षांनी, मे १९३५ मध्ये, बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर बाजारी गृहस्थ तिथे आला. १९२९ च्या कोसळीत आणि दारूत त्याचे सर्वस्व गेले होते. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. ॲक्रनमधला व्यवहार फसला. हॉटेलात एका बाजूला दारूचा गुत्ता आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने एका धर्मगुरूला फोन केला आणि आपल्याला दुसरा एखादा दारुडा भेटायला हवा, असे सांगितले. ऑक्सफर्ड ग्रुपमधील एका बाईंमार्फत त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. १० जून १९३५ ही डॉक्टरांच्या अखेरच्या पेल्याची तारीख, आणि तोच एएचा स्थापना दिन. ही मंडळी बायबलमधील याकोबाचे पत्र इतक्या श्रद्धेने वाचत की 'जेम्स क्लब' हे नाव घेण्याचाही विचार झाला होता.

योगायोग पाहा. त्याच शहरात, त्याच फायरस्टोनच्या कारखान्यात, जानेवारी १९३६ मध्ये कामगारांनी यंत्रे बंद करून जागच्या जागी बैठा संप केला. एकट्याने हरलेली माणसे एकत्र बसली की काय होते, याचा अनुभव ते शहर दोन ठिकाणी घेत होते.

मग आपल्याला संशय का यावा? कारण आहे. बुकमनची नजर नेहमी धनिकांवर आणि सत्ताधाऱ्यांवर असे. १९३६ साली तर कम्युनिझमविरुद्ध भिंत उभारल्याबद्दल त्याने हिटलरसाठी ईश्वराचे आभार मानले. त्यावर कडाडून टीका करणाऱ्यांत राइनहोल्ड नीबर हा धर्मशास्त्रज्ञ होता, आणि तो १९३० साली अमेरिकन समाजवादी पक्षाचा उमेदवार होता. आज एएच्या सभांतून म्हटली जाणारी छोटी प्रार्थना याच नीबरच्या नावावर आहे. सारे ख्रिस्ती एका माळेचे मणी नसतात, हे मला प्राध्यापकी संपल्यावर उमगले.

मद्यपींनी स्वतः तो पंथ सोडला: न्यूयॉर्कच्यांनी १९३७ मध्ये, ॲक्रनच्यांनी १९३९ च्या सुमारास. बुकमनची चळवळ पुढे 'नैतिक पुनःशस्त्रीकरण' या नावाने जगभर गेली; पाचगणीचे 'एशिया प्लॅटो' हे केंद्र तिचेच. एकाच बुंध्याची ती दुसरी फांदी.

विभक्त होताना या मंडळींनी काय घेतले आणि काय टाकले? कबुली, भरपाई आणि दुसऱ्या पीडिताची सेवा ही त्रयी त्यांनी घेतली. पाद्री, पंथ आणि मालक टाकले. १९३९ च्या त्यांच्या ग्रंथात बारा पायऱ्या आल्या. त्यांत येशूचे नाव नाही. त्यांच्यातील नास्तिकांनी आग्रह धरला म्हणून 'ज्याला जसा समजेल तसा ईश्वर' ही सवलत आली. आपल्या वारकऱ्यांत माळ घालून दारू सोडण्याची परंपरा आहेच; मग या मार्गाला परका तरी का म्हणावे?

त्यांचे अर्थशास्त्र मला सर्वांत विलक्षण वाटते. जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांच्याकडे त्यांनी पैसा मागितला, तेव्हा जास्त पैशाने हे काम नासेल, असे म्हणून त्यांनी केवळ ५,००० डॉलर दिले. धनाढ्याचा हा सल्ला मद्यपींनी त्याच्यापेक्षाही मनावर घेतला. सदस्यत्वाला शुल्क नाही, बाहेरची देणगी घ्यायची नाही, मालमत्ता जमवायची नाही, पुढाऱ्याने सेवक असावे, प्रसिद्धीत नाव झळकवू नये, असे नियम त्यांनी १९५० मध्ये स्वीकारले. आपल्या संघटना गटबाजीने आणि देणगीदारांच्या दबावाने फुटताना मी पाहिल्या. हे मंडळ नऊ दशके टिकून आहे.

भारतात एएचा प्रारंभ १९५७ मध्ये मुंबईत झाला. तेव्हा मुंबई राज्यात दारूबंदी होती! कायद्याने दुकान बंद होते, व्यसन बंद होत नाही, याचा याहून वेगळा पुरावा कशाला? १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून 'कृपा फाउंडेशन' सुरू केले आणि बारा पायऱ्यांना अय्यंगारांच्या योगाची जोड दिली. १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' उभे केले. अवचट आपल्याच परिवर्तनवादी वर्तुळातले. त्यांना चर्चच्या दाराची अडचण वाटली नाही, मला वाटली.

तथापि मर्यादाही सांगितली पाहिजे. एए दारूच्या धंद्याविषयी बोलत नाही. १८४० मध्ये बाल्टिमोरला दारुड्यांनीच काढलेली 'वॉशिंग्टोनियन' संघटना मद्यबंदीच्या राजकारणात शिरली आणि विरली. त्यापासून धडा घेऊन एए सर्व वादांपासून अलिप्त राहते. ते योग्यच आहे, कारण तिथे येणाऱ्याला पक्ष विचारला जात नाही. परंतु उत्पादन शुल्कावर पोसलेल्या सरकारला जाब विचारण्याचे काम त्यामुळे आपल्याकडे उरते. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये दारूच्या दुकानांना विरोध केला; गावोगावच्या स्त्रियांनी मतदानाने बाटली आडवी केली. हा वारसा आपला आहे. पण दुकानाविरुद्धचा लढा वर्षानुवर्षे चालतो, आणि पिणाऱ्याला आजची संध्याकाळ ओलांडायची असते.

म्हणून एवढीच विनंती. प्रत्येक शाखेने आपल्या जवळची सभा कुठे, कोणत्या वारी भरते हे माहीत करून घ्यावे. कुणी विचारलेच, "जाऊ का?" तर त्याला सिद्धान्त ऐकवू नका. त्याच्याबरोबर दारापर्यंत जा, सभा संपेपर्यंत बाहेर थांबा आणि त्याला घरी पोचवा. आत प्रार्थना होत असेल, तर होऊ द्या.